धरण भरले, नळ मात्र पाचव्या दिवशीच: सोलापूरच्या हवामान आराखड्यात पहिला क्रमांक कशाला?

सोलापुरात दोन शेजारी भेटले की खुशाली विचारण्याआधी एक प्रश्न येतो, "पाणी सुटलं का?" आमच्या मोहल्ल्यात तोच प्रश्न "पानी आया क्या?" असा विचारला जातो. लग्नाची तारीख, दवाखान्याची चक्कर, पाहुण्यांचा मुक्काम, सगळे काही पाण्याचा दिवस पाहून ठरते. चार दिवसांआड, कुठे पाच दिवसांआड नळाला पाणी येते, उन्हाळ्यात चाराचे पाच आणि पाचाचे सहा होतात. हे आता आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की त्याबद्दल राग यायचाही बंद झाला आहे.

याच शहरात आता हवामान बदलाची चर्चा सुरू आहे. 2021 मध्ये महाराष्ट्रातील 43 अमृत शहरे कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याच्या 'रेस टू झीरो' या जागतिक मोहिमेत सामील झाली. राज्याचे 'माझी वसुंधरा' अभियान 2020 पासून चालू आहे. केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवा सुधारायच्या शहरांच्या यादीत सोलापूरचे नाव आहे. मुंबईने मार्च 2022 मध्ये स्वतःचा हवामान कृती आराखडा जाहीर केला, त्यानंतर इतर शहरांतही तशा आराखड्यांची भाषा सुरू झाली. झाडे, सौर दिवे, विजेवरच्या बसगाड्या, सायकल मार्ग अशी यादी प्रत्येक ठिकाणी तयार असते. यादीतले काहीच वाईट नाही. पण यादी आणि प्राधान्यक्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसा मर्यादित असतो तेव्हा पहिला क्रमांक कशाला, हाच खरा प्रश्न असतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. सोलापूरच्या हवामान आराखड्यात पहिल्या क्रमांकावर एकच माप असावे, ते म्हणजे दोन पाण्यांमधले अंतर. किती दशलक्ष लिटर उचलले, हा आकडा दुसरा. कोणत्या भागात किती दिवसांनी पाणी येते आणि ते अंतर किती कमी झाले, हा आकडा पहिला. असे आम्ही का म्हणतो, ते पुढे मांडतो.

दोन वर्षे, दोन टोके

आधी धरणाकडे पाहू. 1980 मध्ये पूर्ण झालेले भीमेवरचे उजनी धरण आपले मुख्य आधारस्थान. त्याची एकूण साठवण सुमारे 117 टीएमसी. त्यातला साधारण साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त साठा आणि साडेत्रेसष्ट टीएमसी मृतसाठा. वर्तमानपत्रात 'उजनी उणे' असे छापून येते, तेव्हा धरण आटले असा त्याचा अर्थ नसतो. उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातून उपसा सुरू झाला, इतकाच अर्थ असतो.

2023 च्या पावसाळ्यात उजनी जेमतेम साठ टक्क्यांच्या आसपास भरली. पुढच्या उन्हाळ्यात, जून 2024 मध्ये, ती उणे साठ टक्क्यांच्या जवळ जाऊन पोहोचली. त्यानंतर काय झाले ते आठवा. पुणे जिल्ह्यात आणि घाटमाथ्यावर धो धो पाऊस झाला, आणि ऑगस्ट 2024 मध्ये तेच धरण काठोकाठ भरले. दोन महिन्यांत हे घडले. 2025 च्या सप्टेंबरमध्ये तर सीना नदीला असा पूर आला की माढा, मोहोळ, करमाळा भागातील गावेच्या गावे पाण्यात गेली. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या दुष्काळी जिल्ह्यात लोकांना छतावरून सोडवावे लागले.

हवामान बदल म्हणतात तो हाच. पाऊस एकदमच थांबतो किंवा एकदमच कोसळतो. शेती, घरे, जनावरे, सगळ्यांवर त्याचा घाव बसतो.

आता प्रश्न असा, की धरण उणे असताना नळाला पाणी पाच दिवसांनी आले, हे समजू शकते. धरण भरून वाहत असताना चार-पाच दिवसांनीच का आले? पूर आला त्या महिन्यातही आमच्या गल्लीतले बॅरल भरून ठेवलेलेच होते. म्हणजे आपल्या घरातली टंचाई पावसावर कमी आणि व्यवस्थेवर जास्त अवलंबून आहे. ही गोष्ट एकदा नीट लक्षात घेतली की पुढचे सगळे सोपे होते.

पाचवीतले गणित

आकडे पाहू. एक टीएमसी म्हणजे सुमारे 28 हजार 300 दशलक्ष लिटर. उजनी ते सोलापूर ही नवी समांतर जलवाहिनी 110 किलोमीटरची आणि रोज 170 दशलक्ष लिटर क्षमतेची आहे. ती वर्षभर पूर्ण क्षमतेने चालली, तर 170 गुणिले 365, म्हणजे सुमारे 62 हजार दशलक्ष लिटर. टीएमसीमध्ये मोजले तर सव्वादोनच्याही आत. 117 टीएमसीच्या धरणातून या नव्या वाहिनीच्या वाट्याला दोन टक्केही पाणी जात नाही.

2024 च्या त्या भयंकर जूनमध्येही धरणात कागदोपत्री तीस टीएमसीपेक्षा जास्त पाणी होते. त्यातला गाळ वजा करा, बाष्पीभवन वजा करा, इतर गावांच्या योजना वजा करा, तरी शहराच्या सव्वादोन टीएमसीसाठी पाणी उरतेच. अडचण ते उचलण्याची असते. पातळी खाली गेली की जॅकवेलपर्यंत पाणी पोहोचत नाही, मग दुबार पंपिंग, तिबार पंपिंग करावे लागते आणि विजेचे बिल चढते.

आता माणशी हिशेब. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या वर होती. आज ती बारा लाख झाली असे धरून चाला. 170 दशलक्ष लिटर भागिले बारा लाख, म्हणजे माणशी रोज 141 लिटर. शहरांसाठी सरकारी निकष माणशी 135 लिटरचा आहे. जुनी उजनी वाहिनी, टाकळीचा उपसा, हिप्परग्याचा तलाव हे सगळे बाजूला ठेवले, तरी एकट्या नव्या वाहिनीत निकषापुरते पाणी आहे. मग ते जाते कुठे?

ते शहराच्या पोटात जाते. 1992 मध्ये हद्दवाढ झाली. आजूबाजूची गावे शहरात आली आणि शहराचे क्षेत्रफळ पावणेदोनशे चौरस किलोमीटरच्या वर गेले. माणसे तिकडे राहायला गेली, घरे उठली, पण उंच टाक्या आणि वितरणाच्या वाहिन्या त्या वेगाने उभ्या राहिल्या नाहीत. गावठाणात जुन्या, गंजलेल्या वाहिन्या आणि हद्दवाढ भागात अपुऱ्या वाहिन्या, अशी दुहेरी कोंडी आहे. टाकी भरायला वेळ लागतो, एका टाकीवर कितीतरी भाग अवलंबून असतात, चावीवाला एकामागून एक भागाची चावी फिरवत जातो, आणि आपली पाळी पाचव्या दिवशी येते. धरणापासून शहराच्या वेशीपर्यंत 110 किलोमीटरचे काम झाले, पण वेशीपासून नई जिंदगीतल्या किंवा विडी घरकुलातल्या नळापर्यंतचे शेवटचे चार किलोमीटर अजून अडलेले आहेत.

अंतर वाढले की गरीब हरतो

कोणी म्हणेल, पाच दिवसांनी का होईना, पाणी मिळते ना? पाच दिवसांचे एकदम भरून ठेवा. इथेच खरी मेख आहे.

पाच माणसांचे कुटुंब घ्या. माणशी 135 लिटर, पाच माणसे, पाच दिवस. होतात 3375 लिटर. एवढे पाणी साठवायला घरात हौद पाहिजे, गच्चीवर टाकी पाहिजे, टाकीपर्यंत चढवायला मोटार पाहिजे. बंगल्यात हे सगळे असते. शास्त्री नगरात किंवा मौलाली चौकाच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्याकडे काय असते? दोनशे लिटरचे दोन बॅरल, चार घागरी, दोन हंडे आणि बादल्या. फार तर सहाशे लिटर. पाचावर वाटले, पाच दिवसांवर वाटले, तर माणशी रोज 24 लिटर.

महापालिकेच्या लेखी दोघांच्या नळाला पाणी सारखेच सुटले. पण ज्याची साठवण मोठी त्याने जास्त घेतले, ज्याची छोटी त्याचे बॅरल अर्ध्या तासात भरले आणि तो नळाकडे पाहत बसला. त्यात कोणी नळाला थेट मोटार जोडली की शेजारच्याची धार करंगळीएवढी होते. पाच दिवसांआड पाणी म्हणजे जागा, पैसा आणि मोटार ज्याच्याकडे आहे त्याला पाणी. तेच पाणी रोज अर्धा तास सुटले, तर दोन बॅरलवाल्यालाही पुरते. पाणी तेवढेच, अंतर कमी केले की न्याय आपोआप वाढतो.

अंतराचे आणखी दुष्परिणाम आहेत. ताजे पाणी आले की पाच दिवसांचे उरलेले 'शिळे' पाणी गटारीत ओतले जाते. टंचाईच्या शहरात हे दर पाण्याच्या दिवशी घडते, कारण पुढचे कधी येईल याचा भरवसा नसतो. झाकण नसलेल्या बॅरलमध्ये डासांच्या अळ्या होतात, डेंग्यूचे रुग्ण निघतात. वाहिनी चार दिवस रिकामी राहिली की फुटक्या जागेतून गटाराचे पाणी आत शिरते, म्हणून पहिली दहा मिनिटे पिवळे पाणी येते आणि तेही सोडून द्यावे लागते. ज्यांना परवडते ते वीस लिटरचा जार आणतात. ज्यांना परवडत नाही ते तेच पाणी फडक्याने गाळून पितात.

आणि या सगळ्याचा भार बायकांवर आणि मुलींवर पडतो. पाणी पहाटे तीनला सुटले तर घरातली बाई तीनला उठते. रमजानमध्ये सहरीच्या वेळेला पाणी आले तर तवा सांभाळायचा की नळ, हे तिलाच ठरवावे लागते. आम्ही वर्गावर हजेरी घेतो तेव्हा हे रोज पाहतो. कोणत्या मोहल्ल्यात आज पाणी आहे, हे मुलींच्या रिकाम्या जागांवरून कळते. "सर, आज पाण्याचा दिवस होता" हे कारण मुलांपेक्षा मुली कितीतरी जास्त वेळा सांगतात. विडी वळणाऱ्या आईची मजुरी हजार विड्यांवर असते, पाण्यापायी तिचे तीन तास गेले की त्या दिवशीचे हजार पुरे होत नाहीत, आणि मग भरायला मुलगी घरी थांबते.

मग यात हवामान कुठे आले?

काही वाचक म्हणतील, हा तर पाणीपुरवठ्याचा विषय झाला, हवामान कृतीचा नाही. आमच्या मते सोलापुरात हे दोन विषय वेगळे करताच येत नाहीत.

पहिले कारण उष्णता. एप्रिल-मे मध्ये पारा 43-44 अंशांवर जातो. पत्र्याच्या छपराखाली, यंत्रमागाच्या शेडमध्ये, हातगाडीवर राबणाऱ्या माणसाला त्या दिवसांत पाणी जास्त लागते आणि नेमके तेव्हाच नळाचे अंतर वाढते. उष्माघाताच्या सूचनांत लिहिलेले असते, भरपूर पाणी प्या, अंग ओले ठेवा. माणशी 24 लिटरमध्ये हे कसे जमवायचे?

दुसरे कारण वीज. 110 किलोमीटरवरून पाणी ढकलत आणायला प्रचंड वीज लागते आणि आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशापासून येते. रस्त्यात गळालेला प्रत्येक लिटर म्हणजे फुकट जाळलेला कोळसा. गळती थांबवणे हेच सोलापूरचे सगळ्यात स्वस्त हवामान काम आहे. सौर दिवे जरूर लावा, पण फुटका व्हॉल्व्ह आधी बदला.

तिसरे कारण म्हणजे पुढे येणारी अनिश्चितता. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. ती गाडी आपल्याच पंढरपूर-कुर्डुवाडीवरून गेली होती. 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहरात नळ बंद करायची वेळ आली होती. माणशी 50 लिटरची मर्यादा घालून, श्रीमंत-गरीब सगळ्यांना ती लावून शहराने तो प्रसंग टाळला. आज समजा सोलापूरला अशी मर्यादा घालावी लागली, तर ती कशी घालणार? कोणत्या टाकीतून किती पाणी गेले आणि कोणत्या भागाला किती मिळाले, हे मोजल्याशिवाय अवघड काळात न्याय करता येत नाही.

आमच्या मते क्रम असा असावा

मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षे महापालिकेवर प्रशासक होता. 15 जानेवारी 2026 च्या मतदानानंतर लोकांनी निवडलेले सभागृह पुन्हा आले आहे. आता जाब विचारायला नगरसेवक आहेत. त्यांच्यापुढे हा क्रम ठेवावा असे आम्हाला वाटते.

एक, अंतर. प्रत्येक प्रभागात किती दिवसांनी, किती वाजता, किती मिनिटे पाणी सुटले, हे दर आठवड्याला जाहीर व्हावे. आधी सबंध शहर एक दिवसाआड, मग रोज. काही भाग रोज आणि काही भाग पाच दिवसांनी, असे नको.

दोन, मोजणी आणि गळती. प्रत्येक टाकीवर आवक-जावक मोजणारा मीटर, उंच टाक्या हद्दवाढ भागात आधी, आणि जुन्या वाहिन्या बदलण्याचे वेळापत्रक. कराडशेजारच्या मलकापूरने कितीतरी वर्षांपूर्वी मीटरसह चोवीस तास पाणी देऊन दाखवले आहे. ते गाव लहान आहे, सोलापूर मोठे आहे, हे मान्य. पण एक-दोन टाक्यांच्या क्षेत्रात तसे करून पाहायला काय हरकत आहे?

तीन, सांडपाणी. देगाव, कुमठे, प्रतापनगर येथे सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे आहेत. शहराजवळच एनटीपीसीचा 1320 मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आहे आणि तोही उजनीचेच पाणी वापरतो. समांतर जलवाहिनीसाठी एनटीपीसीने 250 कोटी देण्याचे ठरले, हे सोलापूरकरांना माहीत आहे. पण 2016 च्या केंद्रीय वीजदर धोरणात असेही म्हटले आहे की सांडपाणी केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या औष्णिक प्रकल्पांनी शुद्ध केलेले सांडपाणी वापरावे. कोळशाच्या राखेला आणि शीतकरणाला सांडपाणी चालते, माणसाला चालत नाही. ही अदलाबदल सभागृहाने लावून धरली पाहिजे.

चार, घरचे पाणी. 1871 मध्ये पूर्ण झालेला एकरुख म्हणजे हिप्परगा तलाव आजही शहराच्या कामी येतो. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी खोदवून घेतलेला तलाव शहराच्या मध्यभागी आहे. पेठांपेठांतून जुन्या विहिरी आहेत, त्यातल्या अनेकींत आज कचरा पडतो. उजनी उणे गेली की वापरायच्या पाण्यासाठी हेच कामी येईल.

पाच, उष्णता. छतांना पांढरा चुना, बाजारपेठांत पिण्याच्या पाण्याची सोय, दुपारी कामाची सुट्टी आणि सावलीची झाडे. झाडे पाचव्या क्रमांकावर का? कारण पाण्याशिवाय लावलेले रोप फक्त फोटोपुरते जगते.

ज्यांचे नुकसान होईल त्यांचेही ऐका

एक बाजू लपवून ठेवणे बरोबर नाही. आजवर शहरासाठी उजनीतून भीमा नदीत पाणी सोडले जात होते. ते वाहत औज बंधाऱ्यात यायचे आणि तिथून टाकळीला उचलले जायचे. एका आवर्तनाला पाच टीएमसीच्या आसपास पाणी लागायचे. वर केलेला हिशेब आठवा, सबंध वर्षभर नव्या वाहिनीतून येणारे पाणी सव्वादोन टीएमसीही नाही. म्हणजे शहराच्या नावाने सोडलेल्या पाण्याचा मोठा भाग वाटेत जमिनीत, हवेत आणि पंपांमध्ये जात होता. वाहिनीमुळे ते वाचेल, ही चांगली गोष्ट आहे.

पण त्या वाहत्या पाण्यावर नदीकाठच्या गावांच्या विहिरी भरत होत्या, पिके जगत होती, जनावरे पाणी पीत होती. पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळ, दक्षिण सोलापूर, अक्कलकोटमधल्या त्या शेतकऱ्यांना शहराचे पाणी हा आधार होता. उद्या 'शहराची वाहिनी झाली, आता नदीत सोडायची गरज नाही' असे ठरले तर त्यांचे काय? 2021 मध्ये इंदापूरला पाच टीएमसी देण्याचा निर्णय झाला तेव्हा सोलापूर जिल्हा पेटून उठला होता आणि तो निर्णय मागे घ्यावा लागला. वाचलेल्या पाण्यावर पुन्हा ओढाताण होणार हे उघड आहे. आमचे म्हणणे असे की वाचलेल्या पाण्यातला काही हिस्सा नदीकाठच्या पिण्याच्या पाण्यासाठी आणि जनावरांसाठी लेखी राखून ठेवावा, तो उसाला आणि कारखान्यांना जाऊ नये.

मीटरचेही तसेच. मीटर म्हटले की गरीब माणूस बिचकतो, आणि त्याचे बिचकणे चुकीचे नाही. एका नळावर तीन भावांची चुली असतील तर बिल जास्त दिसणार. म्हणून मीटर लावताना घरातली माणसे मोजून गरजेपुरते पाणी अगदी स्वस्त ठेवावे आणि त्यापुढच्या वापराला चढा दर लावावा. आज आपण वर्षाची पाणीपट्टी ठोक भरतो. चार दिवसांनी पाणी आले तर वर्षातून 91 वेळा, पाच दिवसांनी आले तर 73 वेळा. पैसे मात्र 365 दिवसांचे. मीटर बरा की हा व्यवहार बरा, याचा विचार करून पाहावा.

आपल्या हातात काय आहे?

शहरात दर पाच माणसांमागे साधारण एक मुसलमान आहे. पाण्याची तक्रार मात्र फक्त आपली नाही. पूर्व भागातला पद्मशाली विणकर, झोपडपट्टीतला दलित कामगार, हद्दवाढीतला लिंगायत दुकानदार, सगळे त्याच चावीवाल्याची वाट पाहतात. हा प्रश्न कौमचा म्हणून मांडला तर तो अडकेल, शहराचा म्हणून मांडला तर सुटेल.

दीनने आपल्याला पाण्याबाबत खूप स्पष्ट शिकवण दिली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) सुमारे पाऊण लिटरमध्ये वजू करत असत, असे हदीसमध्ये आले आहे. वाहत्या नदीच्या काठी बसलेल्यालाही पाणी वाया घालवण्याची परवानगी नाही, ही त्यांची शिकवण. आता आपल्या मशिदीतल्या वजूखान्यात पाहा. नळ पूर्ण सोडून वजू केले तर पाच लिटर सहज जातात. दिवसाला तीनशे वजू धरले तर दीड हजार लिटर, आणि ते सरळ गटारीत. हे पाणी फारसे साबणाचे नसते. ते शोषखड्ड्यात सोडले तर मशिदीचा आणि गल्लीचा बोअर जिवंत राहील. स्वच्छतागृहाला आणि झाडांनाही ते चालते. मशीद, मदरसा, शादीखाना यांच्या छतावरचे पावसाचे पाणी बोअरमध्ये उतरवायला फार मोठा खर्च नाही. हा सदका-ए-जारिया आहे.

मदिनेतल्या रूमा विहिरीची गोष्ट आपण मुलांना सांगतो. विहिरीचा मालक पाणी विकत असे. हजरत उस्मान (रजि.) यांनी विहिरीचा अर्धा हक्क विकत घेतला, एक दिवस मालकाचा, एक दिवस त्यांचा. त्यांच्या दिवशी पाणी मोफत. लोक त्या दिवशी दोन दिवसांचे भरून ठेवू लागले, मालकाचा धंदा बसला आणि अखेर त्याने उरलेला हक्कही विकला. मग विहीर सर्वांसाठी रोज खुली झाली. गोष्ट सांगताना आपण दानशूरपणावर थांबतो. आता पुढचा भागही सांगूया, की ते दिवसाआड पाणी देऊन थांबले नाहीत, रोजचे पाणी होईपर्यंत त्यांनी सोडले नाही.

शेवटी एक काम सुचवतो, आजपासून करण्यासारखे. प्रत्येक मोहल्ल्यात वीस घरे ठरवा. प्रत्येक घरात एक वही. त्यात चारच रकाने: तारीख, पाणी सुटल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, धार कशी होती. लिहायचे काम सातवी-आठवीतल्या मुलामुलींना द्या, ती नीट करतील. तीन महिन्यांनी सगळ्या वह्या एकत्र करून आपल्या प्रभागाचा तक्ता काढा, शेजारच्या प्रभागाचाही मागा. तो तक्ता चारही नगरसेवकांना द्या, त्यांनी कोणत्याही पक्षाकडून निवडणूक लढवलेली असो. पाणीपुरवठा विभागाला द्या, माहितीच्या अधिकारात टाकीवरच्या नोंदी मागून त्याच्याशी ताडून पाहा. जुम्याच्या नमाजनंतर दोन मिनिटे त्याबद्दल सांगा. मंडळांशी, मंदिरांशी, समाज मंदिरांशी बोला, त्यांनाही वह्या द्या.

आजवर आपण मोर्चे काढले, रिकाम्या घागरी फोडल्या. अधिकारी म्हणायचे, 'तुमच्या भागात तर पाणी सोडले होते', आणि आपल्याकडे उत्तर नसायचे. पुढच्या उन्हाळ्याच्या आत आपल्याकडे तारीखवार उत्तर असले पाहिजे. वही दहा-वीस रुपयांना मिळते.